विश्लेषण : पोलिसांत गुन्ह्याची नोंद असेल, तर कागद नसलेल्या स्थलांतरिताला नागरिकत्व मिळावं का?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात करडी हे गाव आहे. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. इथल्या कुणी पासपोर्टसाठी अर्ज केला, की पडताळणीचं काम या ठाण्याकडे येतं. अर्जदारावर गुन्हा दाखल आहे का, कोर्टात खटला सुरू आहे का, हे तपासून अहवाल वर जातो. खटला सुरू असेल तर पासपोर्ट अडकू शकतो. अर्जदाराचं भारतीय नागरिकत्व मात्र त्याने धोक्यात येत नाही.

ज्याच्याकडे नागरिकत्वच नाही, व्हिसा संपलाय किंवा कधी नव्हताच, त्याच्यासाठी पोलिसांतल्या याच नोंदीचा अर्थ पार बदलतो. त्याला या देशात कायदेशीरपणे राहता येईल की नाही, हे त्या नोंदीवर ठरू शकतं. मग प्रश्न येतो : कोणता गुन्हा आड यावा, किती वर्षं आड यावा आणि हे ठरवायचं कुणी? सगळं सविस्तर समजून घेऊ.

थोडक्यात

• भारतात बहुतेक विनाकागद स्थलांतरितांना नागरिकत्वाचा अर्जच करता येत नाही. रेकॉर्ड स्वच्छ असलं तरीही.

• ज्यांना अर्ज करता येतो, त्यांच्यासाठी 'चांगलं चारित्र्य' ही अट आहे. पण चांगलं म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

• अर्ज फेटाळताना कारण सांगणं सरकारवर बंधनकारक नाही.

• पासपोर्ट, निवडणूक आणि सरकारी नोकरी यांच्यासाठी मात्र गुन्ह्याचे मोजमाप ठरलेले आहेत.

'अवैध स्थलांतरित' नेमकं कुणाला म्हणतात?

बातम्यांमध्ये 'घुसखोर' हा शब्द सर्रास वापरला जातो. कायद्यातला शब्द आहे अवैध स्थलांतरित. नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. त्यात ही व्याख्या २००३ च्या दुरुस्तीने आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. वैध पासपोर्ट किंवा प्रवासाच्या कागदांशिवाय भारतात आलेला परदेशी माणूस अवैध स्थलांतरित ठरतो. वैध कागदांवर येऊन मुदत संपल्यावरही इथेच राहिलेला माणूससुद्धा त्यातच येतो.

या दुरुस्तीचा परिणाम मोठा आहे. अवैध स्थलांतरिताला नोंदणीच्या मार्गाने नागरिकत्व मागता येत नाही. दीर्घ वास्तव्याच्या आधारेही मागता येत नाही. त्याच्या मुलांवरही परिणाम होतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक जण अवैध स्थलांतरित असेल, तर दुसरा पालक भारतीय असूनही ते मूल जन्माने नागरिक होत नाही.

म्हणजे इथे गुन्ह्याची नोंद पाहायची वेळच येत नाही. एखादी बाई वीस वर्षं इथे राहिली, कष्ट करून पोट भरलं, कुणाच्या काडीलाही हात लावला नाही, तरी तिच्यासाठी दार बंदच राहतं. आणि त्याच घरातला एखादा मुलगा चोरीत सापडला, तर त्याच्यासाठीही तेच दार बंद असतं. नागरिकत्वाच्या हिशोबात दोघं सारखेच.

भंडारा-गोंदियाशी याचा काय संबंध?

सीमेपासून इतक्या लांब हा प्रश्न कसा, असं वाटू शकतं. पण पूर्व विदर्भात निर्वासितांच्या वस्त्या अनेक दशकांपासून आहेत.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. तिबेटी समाजात ती आजही 'भंडारा' याच नावाने ओळखली जाते. याच तालुक्यात आणि गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. नागपूरच्या जरीपटका भागात सिंधी समाज मोठ्या संख्येने आहे. पाकिस्तानातून नंतरच्या काळात आलेली सिंधी कुटुंबंही नागपुरात आहेत.

तिबेटी वसाहतीचं उदाहरण घेतलं, की कायद्याची गंमत लक्षात येते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो, आईवडील कोणीही असोत. हे तिबेटींनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि २०१६ मध्ये सांगितलं. १ जुलै १९८७ पासून मात्र जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय असणं गरजेचं झालं.

आता समजा, वसाहतीत दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला १९८६ चा, धाकटा १९८८ चा. थोरला नागरिक, धाकटा परदेशी. दोघांच्या हातून एकच मारामारी झाली. थोरला शिक्षा भोगून घरी येईल. धाकट्याची शिक्षा तेवढीच, पण तो इथे राहतो तो नोंदणी प्रमाणपत्राच्या आधारावर आणि त्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. शिक्षा संपल्यावरही त्याच्यापुढे राहण्याच्या परवानगीचा प्रश्न उरतो. गुन्हा एकच असला, तरी जन्मतारखेने त्याचे परिणाम बदलले.

कायद्यात चारित्र्याबद्दल काय लिहिलंय?

दीर्घ वास्तव्यावर नागरिकत्व हवं असेल, तर नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या अटी पूर्ण कराव्या लागतात. अर्जाआधीचे सलग १२ महिने भारतात राहिलेलं असावं. त्याआधीच्या १४ वर्षांपैकी किमान ११ वर्षं भारतात काढलेली असावीत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी. आणि माणसाचं चारित्र्य चांगलं असावं.

चारित्र्याबद्दलची अट एवढीच आहे. किती शिक्षा झाली तर चारित्र्य वाईट ठरेल, नुसता एफआयआर पुरेसा आहे का, वीस वर्षांपूर्वीची नोंद मोजायची का, याचं उत्तर त्यात नाही. शिवाय कलम १४ नुसार नोंदणीचा किंवा वास्तव्याच्या आधारे केलेला अर्ज मंजूर वा नामंजूर करणं सरकारच्या मर्जीवर आहे आणि त्याचं कारण देण्याचं बंधन नाही.

मजा अशी, की नागरिकत्व मिळाल्यानंतरचा नियम अगदी स्पष्ट आहे. नोंदणीने किंवा वास्तव्याने नागरिक झालेल्या माणसाला पुढच्या पाच वर्षांत कोणत्याही देशात किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली, तर कलम १० खाली त्याचं नागरिकत्व काढून घेता येतं. त्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते. त्याने मागणी केली, तर चौकशी समितीपुढे प्रकरण जातं. नागरिकत्व देताना मात्र असा कोणताही आकडा नाही आणि समितीही नाही.

परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डाचंही असंच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचना काढून सांगितलं, की किमान दोन वर्षांची शिक्षा झाली तर हे कार्ड रद्द होऊ शकतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झालं, तरीही ते रद्द होऊ शकतं. दुसरी अट कडक आहे, कारण तिथे दोष सिद्ध होण्याचीही वाट पाहायची नाही. पण निदान ती लिहिलेली आहे. कार्डधारकाला आपण कुठे उभे आहोत, ते कळतं.

सीएएमध्ये काय वेगळं आहे?

२०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती, म्हणजे सीएए. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांना यात अवैध स्थलांतरिताच्या व्याख्येतून वगळलं. त्यांच्यासाठी ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली. नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. जिल्हा पातळीवरच्या समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात. ही समिती कागद तपासते, अर्जदाराला शपथ देते आणि प्रकरण राज्य पातळीच्या अधिकारप्राप्त समितीकडे पाठवते. अर्जासोबत एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. अर्जदाराचं चारित्र्य चांगलं आहे, अशी हमी तो देतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सीएएतली एक तरतूद सगळ्यात महत्त्वाची आहे. अवैध स्थलांतराचा किंवा नागरिकत्वाचा खटला सुरू असला, तरी अर्जदार अपात्र ठरत नाही. नागरिकत्व मिळालं, की तो खटला आपोआप संपतो. थोडक्यात, कागदांशिवाय सीमा ओलांडल्याचा गुन्हा इथे पुसला जातो. चोरी, मारहाण, खून यांसारख्या गुन्ह्यांना ही सूट नाही. तिथे 'चांगल्या चारित्र्या'ची अट कायम आहे.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. केंद्राने सप्टेंबर २०१५ मध्येच पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या अल्पसंख्याकांना पासपोर्ट आणि परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यांतून सूट दिली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स' कायदा लागू झाला. त्याच दिवशी निघालेल्या आदेशाने अफगाणिस्तानसह तिन्ही देशांतल्या याच समुदायांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना विनाकागद प्रवेशाच्या शिक्षेतून सूट दिली. नोंदणी केलेले तिबेटी आणि श्रीलंकेचे तमीळ निर्वासित यांनाही ठरावीक अटींवर सूट आहे.

यावरून एक गोष्ट दिसते. कागद नसणं आणि दुसऱ्याला इजा करणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हे भारतीय कायद्याला मान्य आहे. फक्त हा फरक काही गटांपुरताच केला जातो. ज्यांना सूट नाही, त्यात बांगलादेशातून आलेले मुस्लिम मजूर आहेत, तसेच म्यानमारमधून आलेले रोहिंग्याही आहेत. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे जिवाच्या भीतीने पळून आलेल्यांना विनाकागद प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, हे त्या करारातलं ३१ वं कलम भारतावर बंधनकारक नाही.

'कागदाचा गुन्हा' किती मोठा?

नव्या कायद्यानुसार वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हिसाची मुदत संपून राहिलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला, तर शिक्षा किमान दोन आणि कमाल सात वर्षं. दंड एक लाख ते दहा लाख रुपये.

आता 'गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्यांना राहू देऊ नये' या वाक्याकडे पुन्हा पाहा. विनाकागद आलेल्या प्रत्येकाच्या नावावर आल्याच दिवशी एक गुन्हा लागतो. तोच गुन्हा 'पार्श्वभूमी' म्हणून मोजला, तर निकष लावण्याआधीच सगळे नापास.

बनावट कागदांचा गुन्हा या दोन्हींच्या मध्ये येतो. त्यातही प्रकार आहेत. कुणी एजंटला पैसे देऊन कामासाठी खोटं आधार कार्ड काढतं. कुणी शेकडो लोकांना खोटी कार्डं विकतं. पहिल्याचा हेतू पोट भरण्याचा, दुसऱ्याचा धंद्याचा. ठाण्यातल्या अशाच एका प्रकरणात, बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या माणसाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जामीन नाकारला. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कुणी आपोआप भारताचा नागरिक होत नाही, असं न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं. ही कार्डं ओळखीसाठी किंवा सेवा मिळवण्यासाठी असतात. नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या कायद्याने.

नागरिकत्वाचा वाद उभा राहिला, तर आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचा भारही त्या माणसावरच असतो. इतर फौजदारी खटल्यांमध्ये सहसा पोलिसांनी गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे उलट आहे. आणि यात चूक झाली तर किंमत मोठी असते. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत पाठवलं गेलं. ते भारतीय असल्याचं समोर आल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

भारतीयांसाठी काय मोजमाप आहे?

कोणती नोंद किती मोजायची, हे इतर ठिकाणी आपल्या कायद्यांनी आणि न्यायालयांनी आधीच ठरवलं आहे.

*पासपोर्ट :* १९६७ च्या कायद्यानुसार मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टात खटला सुरू असतानाही नाकारता येतो, पण कोर्टाच्या परवानगीने तो मिळू शकतो. नकाराची कारणं नोंदवावी लागतात आणि अपीलही करता येतं.

*निवडणूक :* दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, तर शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरची सहा वर्षं उमेदवारी करता येत नाही. नुसता गुन्हा दाखल असेल, तर निवडणूक लढवता येते.

*सरकारी नोकरी :* अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तारतम्य सांगितलं. तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे दुर्लक्ष करता येतं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर नोकरी नाकारता येते. निर्दोष सुटका कशामुळे झाली, माहिती लपवली का, हेही पाहायचं.

*अल्पवयीन :* २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयात झालेल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला, तर हा अपवाद लागू होत नाही.

या सगळ्यातून चार निकष निघतात. दोष सिद्ध झाला का, शिक्षा किती झाली, किती वर्षं उलटली आणि तेव्हा वय काय होतं. 'चांगलं चारित्र्य' या दोन शब्दांत यांपैकी एकही नाही.

इतर देश काय करतात?

जर्मनीने २०२२ च्या शेवटी एक कायदा केला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ज्यांना देशात पाच वर्षं झाली होती, पण फक्त तात्पुरत्या मुभेवर राहत होते, अशांना कायदेशीर होण्याची संधी मिळाली. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यात शिक्षा झालेले वगळले. मात्र दंड एकूण ५० दिवसांच्या मिळकतीपर्यंतचा असेल, तर तो सहसा मोजायचा नाही. आणि फक्त परदेशी माणसाच्याच हातून होऊ शकतो असा, म्हणजे कागदांचा गुन्हा असेल, तर ही मर्यादा ९० दिवस. कागदाचा गुन्हा वेगळा काढून त्याला वेगळं माप लावल्याचं हे स्पष्ट उदाहरण आहे.

ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्याने रेषा आखली आहे. परदेशी माणसाला १२ महिने किंवा जास्त कैद झाली, तर काही अपवाद सोडून त्याला देशाबाहेर पाठवायचं.

अमेरिकेचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. १९८६ मध्ये तिथे सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. एक गंभीर किंवा तीन किरकोळ गुन्हे असलेले त्यातून बाद होते. १९८८ मध्ये देशाबाहेर काढण्याजोग्या 'अतिगंभीर' गुन्ह्यांची यादी झाली. तेव्हा तीत खून, अमली पदार्थांची आणि शस्त्रांची तस्करी होती. १९९६ मध्ये यादी इतकी वाढली, की एक वर्षाची शिक्षा झालेली चोरीही तीत आली. २९ जानेवारी २०२५ रोजी सही झालेल्या लेकन रायली कायद्यानुसार तर दुकानातून वस्तू चोरल्याच्या नुसत्या आरोपावरून विनाकागद माणसाला कोठडीत ठेवणं बंधनकारक झालं. दोष सिद्ध होण्याचीही गरज उरली नाही.

याची झळ मराठी घरांनाही लागते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्राचे तिघे होते. परदेशात शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. छोट्या प्रकरणात 'गुन्हा कबूल करून दंड भरून टाकू' असं वाटतं, पण त्या कबुलीचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. अशा परिणामांची कल्पना वकिलाने अशिलाला दिलीच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात सांगितलं.

कडक नियमांच्या बाजूने काय म्हटलं जातं?

या बाजूचे मुद्देही वजनदार आहेत. पहिला, नागरिकत्व हा परदेशी माणसाचा हक्क नाही. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हॅन्स म्युलर निकालातच मान्य केलं. दुसरा, विनाकागद आलेल्या माणसाचं खरं नाव, गाव आणि तिथला पूर्वेतिहास तपासणं अवघड असतं. नाव बदललं, की जुनी नोंद सापडत नाही. तिसरा, पीडितांचा. ज्याच्या घरात बलात्कार किंवा खून झाला, त्याला आरोपीच्या 'दुसऱ्या संधी'ची चर्चा अन्यायकारक वाटणं साहजिक आहे. चौथा, सूट दिली तर आणखी लोक येतील ही भीती.

दुसऱ्या बाजूला राज्यघटनेचं २१ वं कलम आहे. ते 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. त्यांच्या जिवाचं रक्षण करणं आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असा आदेश दिला. अर्जाचा निकाल काहीही लागो, तो विचारात घ्यायलाच हवा.

महाराष्ट्राला या विषयात आणखी एक आठवण आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशा जमातींची वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. तरीही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी पोलीस जातात, ही तक्रार आजही ऐकू येते. एखाद्या समूहाबद्दल संशय आधीच ठरलेला असेल, तर त्या समूहातल्या माणसांवर एफआयआरही जास्त होतात. त्यामुळे नुसत्या एफआयआरवरून चारित्र्य ठरवणं धोक्याचं आहे.

मग निकष कसे असावेत?

आपल्याच कायद्यांमधले निकष एकत्र केले, तर एक चौकट तयार होते.

१. कागदाचा गुन्हा वेगळा मोजावा. विनाकागद प्रवेश किंवा मुदतीनंतर राहणं, एवढीच नोंद असेल तर तिला 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' म्हणू नये. सीएएत हे तत्त्व आहेच.

२. एफआयआर आणि दोषसिद्धी यांत फरक करावा. खटला सुरू असेल तर निकालापर्यंत अर्ज राखून ठेवता येईल. निर्दोष सुटल्यावर ती नोंद आड येऊ नये.

३. गंभीर गुन्ह्यांची यादी असावी. खून, बलात्कार, मानवी तस्करी, दहशतवाद, बनावट कागदांचा धंदा यांत दोष सिद्ध झाला, तर दार बंद ठेवण्याबद्दल फारसा वाद होणार नाही. २०२५ च्या नव्या आदेशात प्रवेश आणि वास्तव्य नाकारण्यासाठी अशी यादी दिलेलीच आहे.

४. बाकीच्या गुन्ह्यांसाठी शिक्षेची आणि काळाची मर्यादा असावी. दोन वर्षांची शिक्षा आणि पाच वर्षांचा काळ हे आकडे पासपोर्टच्या आणि नागरिकत्वाच्या, अशा दोन्ही कायद्यांत आधीच आहेत.

५. नकाराचं कारण लेखी द्यावं आणि त्यावर दाद मागता यावी.

यातले पहिले चार निकष सौम्य असावेत की कडक, यावर मतभेद होतील. पाचव्याचं तसं नाही. कारण लिहून देण्याने सरकारचा नकाराचा अधिकार कमी होत नाही. उलट गंभीर गुन्हेगाराला नाकारल्याचा निर्णय कोर्टात जास्त टिकतो.

एका घराचं उदाहरण

समजा, करडीसारख्या गावातल्या एका शेतकऱ्याने बांगलादेशातून २०१२ मध्ये कागदांशिवाय आलेल्या बाईशी लग्न केलं. त्यांना दोन मुलं झाली. पुढे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं, दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या आणि नवराबायको दोघांवरही मारहाणीचा गुन्हा दाखल झाला.

नवऱ्याला तारखांना जावं लागेल. बाकी त्याचं आयुष्य तसंच राहील. बायको हिंदू असेल, तर ती सीएएखाली अर्ज करू शकेल. पण बांधावरचं भांडण तिच्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येईल का, हे तिला कुठेही वाचायला मिळणार नाही. ती मुस्लिम असेल, तर तिला अर्जच करता येणार नाही. उलट पोलीस चौकशीत कागद नसल्याचं उघड झालं, की विनाकागद प्रवेशाचा आणखी एक गुन्हा लागेल. शिक्षा भोगल्यावर तिला देशाबाहेर पाठवण्याची प्रक्रिया सुरू होईल. तिची मुलं इथे जन्मली आणि त्यांचे वडील भारतीय असले, तरी २००४ नंतरच्या नियमाने जन्माने नागरिक ठरणार नाहीत.

ज्या भांडणासाठी कायद्याने फार तर थोडी कैद किंवा दंड ठेवलाय, त्याची तिला मिळणारी खरी शिक्षा घरदार तुटण्याची असू शकते. त्यात बदल करायचा असेल, तर संसदेला नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. पण ज्यांना आज अर्ज करता येतो, त्यांच्यासाठी 'चांगलं चारित्र्य' म्हणजे काय हे सांगायला केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा पुरेशी आहेत. आणि तोवर अर्जदारांनी एक काळजी घ्यायला हवी. अवतार सिंग निकालाने सरकारी नोकरीबद्दल सांगितलेली गोष्ट इथेही उपयोगी आहे. गुन्हा किरकोळ असेल तर तो माफ होण्याची शक्यता असते. लपवलेला गुन्हा उघड झाला, तर ती शक्यताही जाते. त्यामुळे जुनी केस असेल, तर तिच्या निकालाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून जवळ ठेवावी आणि ती माहिती अर्जात स्वतःहून द्यावी.